उंबरपट्टीतलं खत

उंबरपट्टीच्या शेतात शेणखताचे ढीग पडले की वाडीतली माणसं म्हणत, "रंभाचं साल पक्कं झालं."

केंदूरच्या पलीकडं, माळाला लागून ही वाडी. रंभा तिथल्या बौद्ध वस्तीत राहायची. शेत हौसरावांचं, कसणारी रंभा. आधी नवऱ्याबरोबर आणि तो गेल्यावर एकटीच्या बळावर ती ते निम्म्या वाट्यानं करत आली होती. कागद कधी झाला नाही. कागद केला तर कूळ लागेल ही मालकांना धास्ती, आणि कागद मागितला तर रान जाईल हे कसणाऱ्यांना ठाऊक. त्यामुळं तोंडानं बोलणंसुद्धा होत नसे. होळी झाली की रंभा आपल्या उकिरड्याचं खत वाहून नेई आणि शेतात ढीग घाली. हौसराव बांधावरून जाताना ते बघत आणि काही न बोलता पुढं जात. एवढ्यावर वर्षाचा व्यवहार ठरे. ज्याचं खत त्याचीच पेरणी. दुसऱ्याच्या खतावर नांगर घालणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं, असं तिकडं मानत.

सुगीत खळ्यावर ज्वारी उफणून झाली की रंभा दोन राशी करी. राशी तिनं करायच्या, कोणती घ्यायची ते हौसरावांनी सांगायचं. त्यामुळं वाटणीवरून कधी तंटा झाला नाही.

"रंभा, ही डावी जरा पोट सुटल्यावानी दिसतीया."

"मग घ्या की आबा तीच. पोटवाल्याला पोटवाली."

हौसरावांचं पोट चांगलंच सुटलेलं होतं, आणि हे उत्तर दर सुगीला ऐकायला त्यांना आवडत असे. बहुधा म्हणूनच ते दर वेळी तेच म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव साली ढीग घालून झाले आणि मग आंबेडकर जयंती आली. मिरवणूक चावडीपाशी पोचल्यावर कुणीतरी म्हणालं वाजंत्री बंद करा, कुणीतरी म्हणालं करणार नाही, आणि दगड आले. रंभाचा मुलगा सतीश रांजणगावच्या एका कारखान्यात रोजंदारीवर होता. एक दगड त्याच्या कपाळावर बसला आणि टाके पडले. दगड मारणाऱ्याला त्यानं समोरून पाहिलं होतं. तो हौसरावांचा पुतण्या विश्वजीत होता. सतीशनं शिरूरला जाऊन फिर्याद दिली आणि तीत विश्वजीतचं नाव घातलं.

मग देवळात बैठक झाली. यंदा वस्तीतल्या कुणाला वाट्यानं रान द्यायचं नाही, असं बागायतदारांनी ठरवलं. वस्तीतल्या वाट्यानं करणाऱ्या नवनाथला निरोप आला, बन्सीला आला. त्यांनी अजून खत टाकलेलं नव्हतं. ते रोजगाराला यवतकडं निघून गेले.

रंभाला निरोपच आला नाही. हौसराव बांधावरून जात, पहिल्यासारखेच गप्प. पण पहिल्या गप्प राहण्याचा अर्थ तिला कळत होता, या गप्प राहण्याचा कळेना. रान आपलं आहे की गेलं? विचारावं तर ते "न्हाई" म्हणतील, आणि एकदा तोंडातून गेलेलं त्यांनाही मागं घेता येणार नाही. म्हणून तिनं विचारलं नाही. ढीगही पसरले नाहीत. अर्धा पावसाळा तसाच गेला आणि ढिगांवर गवत उगवलं.

गणपती बसायच्या सुमाराला विश्वजीतनं उंबरपट्टीत ट्रॅक्टर पाठवला. ड्रायव्हर भैरू परगावचा. ढीग बघून त्यानं ट्रॅक्टर बांधावरच उभा केला.

"खत कुणाचं म्हणायचं हे?"

"तुला काय करायचंय? घाल नांगर," विश्वजीत म्हणाला.

"आधी खतवाल्याला इचारा, मालक. लोकाच्या खतावर मी न्हाई फिरवत. मला बी पोरंबाळं हाईत."

त्यानं ट्रॅक्टर वळवला तो थेट पाणंदीला लावला. वाडी दोन दिवस हसली. हौसरावांना मात्र हसू आलं नसावं. पिठाच्या गिरणीपाशी त्यांनी रंभाला गाठलं.

"किती दिस असं चालायचं, रंभा?"

"मी कुठं काय म्हंते, आबा? खत तिथंच हाय, मी बी हितंच हाय."

"सतीशला सांग, तेवढी फिर्याद माघारी घे. भावकी माझं डोकं खातीया. माघारी घेतली की उंबरपट्टी तुझीच. कुणी आडवं येत न्हाई."

"आन् न्हाई घेतली तर?"

हौसराव गिरणीतून पडणाऱ्या पिठाकडं बघत राहिले. "मला बी याच गावात मरायचंय, बाई."

ते खोटं बोलत नव्हते, हे रंभाला कळत होतं. ते वाईट असते तर तिला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

संध्याकाळी तिनं सतीशला सगळं सांगितलं.

"आई, रान तू कसतीस," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं करतो."

उंबरपट्टीची ज्वारी घराला वर्षभर पुरे आणि कडबा जनावरांना. कारखान्याचं काम आज होतं, उद्याचं कुणी सांगावं? रंभानं हे सगळं मनात फिरवलं. सतीश खाली मान घालून जेवत होता. कपाळावरची खूण झाकायला केस पुढं ओढून घ्यायची त्याला अलीकडं सवय लागली होती. आधी ती नव्हती.

"केस माघारी घे आधी," ती म्हणाली. "डोळ्यात जात्यात." भाकरी त्याच्या ताटात टाकून मग म्हणाली, "फिर्याद राहू दे."

सकाळी चांगलं उजाडल्यावर, माणसं रानात जायच्या वेळेला, ती खोरं आणि पाटी घेऊन उंबरपट्टीत गेली आणि खत उचलायला लागली. हौसराव धावतच आले.

"अगं, उचलतीस कशाला? मी किंमत देतो की खताची!"

"तुम्ही किंमत दिली म्हंजी साल तुम्ही मोडलं, आबा. मी उचललं म्हंजी मी मोडलं. मला मोडू द्या."

हौसराव घराकडं वळले.

खत पावसानं भिजून जड झालं होतं. पाटी भरली, पण एकटीला डोक्यावर घेता येईना. बायका बांधावरून जात होत्या, कुणी थांबेना. शेजारच्या वाफ्यात हौसरावांची बायको साळूबाई मिरच्या तोडत होती. ती ओटीतल्या मिरच्या खाली ओतून आली आणि पाटीच्या काठाला हात घातला.

"काकी, लोकं बघत्यात."

"बघंनात का. त्यांचं डोळं, माझं हात. उचल."

दुपारपर्यंत प्रत्येक पाटीला तिनं हात लावला.

ते खत रंभानं ओढ्याकाठच्या मुरमाड पट्टीत टाकलं. ती वस्तीतल्याच ज्ञानदेवची. तो दौंडला रेल्वेत नोकरीला होता, गावाकडं फारसा येत नसे. राशीच्या वाटणीला येणार कोण, म्हणून त्यानं वाटा घेतला नाही. रंभानं दोन शेळ्या विकून खंड म्हणून वर्षाची ठरलेली रक्कम आधीच दिली. पिकलं तर तिचं, बुडालं तरी तिचंच.

उंबरपट्टी विश्वजीतनं पेरली. खटला शिरूरच्या कोर्टात तारखा घेत राहिला. पुढं वाडीतून निम्म्याचा वाटा हळूहळू उठूनच गेला. मालक भावकीत रान देऊ लागले, नाहीतर रोख खंडानं परक्याला. कारण वाट्याला दोघांना एका खळ्यावर बसावं लागतं.

त्याच साली फाल्गुनात ओढ्याकाठची ज्वारी निघाली. थोडकीच, पण दाणा टपोरा. उफणून झाल्यावर रंभानं राशी केल्या, हातानं कडा सारख्या करून ती मागं सरली.

"आई, दोन कशाला केल्यास?" सतीशनं विचारलं.

रंभानं बघितलं. खळ्यावर दोन राशी होत्या. डावी जरा पोट सुटलेली.

ती हसली, पण ते हसणं पुरतं झालं नाही. उंबरपट्टीच्या दिशेनं तिनं एकदा पाहिलं. मग खाली बसून दोन्ही हातांनी डावी रास उजवीत लोटायला लागली.

"धर पोत्याचं तोंड," ती म्हणाली. "निवडायला आता कोण यायचंय?"