वस्ती : एक

किसन गुरुजी गेल्याचं मला प्रज्ञाच्या फोनवरून कळलं. प्रज्ञा ही त्यांची मुलगी. मी परतवाड्याच्या बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. "ताई, बाबा सकाळी गेले... चहा मांडायला सांगितला, अन् चहा व्हायच्या आतच," एवढंच ती बोलली. दोन आठवड्यांनी पुण्यानुमोदनाला त्यांच्या अंगणात मांडव भरून माणसं आली होती. एकेक जण उठून बोलत होता. त्यांच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजींच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तीही त्यांनी भरसभेत कबूल केली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती चूक माझी होती. हे मांडवातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि उठून सांगायची हिंमत मला त्या दिवशीही झाली नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी तेव्हा नवीन तलाठी होते, अमरावतीच्या भर वस्तीत वाढलेली. पहिलंच पोस्टिंग मिळालं ते पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, अकोल्याकडच्या बाजूला. तिथली जमीन काळीभोर, आणि विहिरीचं पाणी असं खारट की चहात दूध फाटायचं. पहिल्या आठवड्यात मी रोज रडत होते, खोटं कशाला सांगू? गुरुजी नुकतेच निवृत्त झाले होते. एक दिवस कापडी पिशवी खांद्याला अडकवून कार्यालयात आले, "जयभीम, बाई," म्हणाले, आणि जुनी दप्तरं पाहायला मागितली. तालुक्याचा इतिहास लिहून राहिलो, म्हणाले. राजे-लढायांचा नाही, कोणतं गाव कोणी वसवलं, कोणत्या घराण्याची माणसं कुठून आली, आता किती उरली आणि बाकीची कुठे गेली, याचा. मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "या खाऱ्या पाण्यात लोक राहायला आलेच कशाला?" तर हसून म्हणाले, "बाई, इथं म्हने पयले समुद्र होता. मंजे आपन कोकनातलेच. समुद्र तेवढा निघून गेला, आन आमी मांगं रायलो." त्या कार्यालयात मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

त्यांची मोजायची रीत मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. शाळामास्तर म्हणून जनगणनेचं काम त्यांनी दोन-तीनदा केलेलं. त्यामुळे दारात उभं राहून "घरात माणसं किती" विचारलं की काय उत्तर मिळतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा माय घरातच मोजते, आणि चार महिन्यांपूर्वी आलेली सून मोजायची राहून जाते. म्हणून गुरुजी गावात शिरले की आधी पिठाच्या चक्कीवर जायचे. चक्कीवाल्याला सगळं ठाऊक असतं. कोणाचं दळण आठवड्याचं पंधरवड्यावर गेलं, कोणाच्या डब्यात ज्वारीच्या जागी गहू आला, कोणाचा डबा यायचाच बंद झाला. तिथे पिठात पांढरे होत तासभर बसायचे, आणि मग दारोदार फिरून प्रत्येक नाव स्वतः पडताळून घ्यायचे. मला त्यांच्यासोबत दोन-चार गावं फिरायला मिळाली. एका गावात एक म्हातारा त्यांच्यावर उखडला, "काहून मोजून राहिले बाप्पा आमाले? आमी का बकऱ्या हावो?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "बकऱ्या तं ज्याच्या थो मोजतेच, दादा. मानसं मोजाले कोनी येत नाई म्हनून मी आलो." म्हाताऱ्याने खाट टाकली, गोडं पाणी मागवलं. त्या भागात पाहुण्याला गोडं पाणी देणं म्हणजे मोठा मान.

आता माझ्या करणीकडे येते. माझ्या साजात, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या गावांत, पिंपळखार नावाचं एक गाव होतं. ते पुरात वारंवार बुडायचं, म्हणून सरकारने ते रस्त्याच्या कडेला उचलून वसवलं. नदीकाठी राहिलं ते जुनं पिंपळखार. गुरुजींचं पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं आणि नेमका त्यांचा गुडघा धरला. पायाला पट्टा बांधून खाटेवर पडलेले. सगळी गावं पाहून झाली होती, हे एकच राहिलं होतं. मला म्हणाले, "बाई, तुमचा साजाच हाये. जुन्या पिंपळखारात कोनी रायते का, तेवढं डोयानं पाहून सांगा." पावसाळ्याचे दिवस. तिथल्या काळ्या मातीत चप्पल रुतली की पाय वर येतो, चप्पल येत नाही. मी काही गेले नाही. दप्तर उघडलं, माझ्या आधीच्या माणसाने तिथे लिहून ठेवलं होतं, बेचिराग. महसुलाच्या कागदात हा जुना शब्द अजून चालतो. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लावायला माणूस उरला नाही, ते गाव बेचिराग. मी गुरुजींना जाऊन सांगितलं, "कोणी नाही, गुरुजी. मी पाहून आले." दप्तरात असं लिहिलंय, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाहून आले म्हणाले. का म्हणाले, ते आजही मला धड सांगता येत नाही. आळस होता, आणि वर साहेबी.

प्रकाशन शाळेच्या सभागृहात झालं. गुरुजींनी मोठा पाहुणा बोलावला नव्हता. प्रत्येक गावातून एक माणूस बोलावला होता. ते गावाचं नाव पुकारायचे, माणूस उठायचा, पुस्तक घ्यायचा, टाळ्या. नव्या पिंपळखारचा सरपंच पुस्तक घेऊन बसला, तशी मागच्या रांगेतून एक वाळकी म्हातारी उठली. "आन माहं गाव?" गुरुजी म्हणाले, "कोनतं गाव, माय?" "जुनं पिंपयखार." गुरुजींनी पान काढून पाहिलं. "माय, थे तं बेचिराग हाये न." तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग मी कोन व्हय? मी का मेली?" सभागृह खो खो हसलं. गुरुजी हसले नाहीत. दुखऱ्या पायाने मंचावरून खाली उतरले, तिच्यासमोर हात जोडले आणि माईक मागून घेतला. "चूक माही हाये. म्या न पाहता लिवलं. जित्या मानसाचं गाव म्या कागदावर मारून टाकलं." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्यांनी वाटलेली पुस्तकं परत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ऑटो करून म्हातारीची माफी मागायला गेले. पुन्हा छापणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रत हाताने दुरुस्त करायची ठरली. मी न बोलावता गेले. कितीतरी रविवार त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही सतरंजीवर बसून तेच पान उघडत होतो, 'बेचिराग'वर रेघ मारत होतो आणि बाजूला निळ्या शाईने लिहीत होतो : 'वस्ती : एक. गयाबाई, वय अंदाजे सत्तर. इथेच राहते.' प्रज्ञा चहा आणून द्यायची आणि माझ्या अक्षराचं कौतुक करायची. मला ते कौतुक टोचायचं. एकदा न राहवून मी पेन खाली ठेवला. "गुरुजी, मला तुम्हाला काही..." त्यांनी वर न पाहता म्हटलं, "बाई, रेघ वाकडी गेली पाहा. आखून मारा." मी पट्टी घेतली. विषय तिथेच संपला, आणि त्यांनी तो पुन्हा कधी काढला नाही. दुसऱ्या एखाद्याने मला चार शब्द सुनावले असते, साहेबाच्या कानावर घातलं असतं. नव्या नोकरीत माझं काय झालं असतं कोण जाणे.

पुढे माझी बदली डोंगरातल्या धारणीला झाली. तिथल्या पाड्यांवर जीपसुद्धा अर्ध्या रस्त्यात सोडून देते. सोबतचे लोक म्हणायचे, मॅडम, दप्तर पाहून भरून टाका, कोण येते तपासाले? मी पायी जात होते. माझ्या अंगात काही फार मोठा प्रामाणिकपणा आला होता असं नाही. मला त्या खोलीतली सतरंजी आठवायची, बस. आज मी जी काही बरी अधिकारी आहे ती त्या रविवारांमुळे आहे, आणि हे मी गुरुजींना तोंडावर कधी सांगितलं नाही. त्यांना ते कळत असावं, असं मी आपलं मनाला समजावते.

पुण्यानुमोदनानंतरच्या शनिवारी मी जुन्या पिंपळखारला गेले. पहिल्यांदाच. गयामाय अजून आहे, पाठीत वाकलेली, पण आवाज तोच. गुरुजी गेल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिने मला बाजेवर बसवलं आणि तांब्यात गोडं पाणी दिलं. ते तोंडाला लावायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. मी कोण, मी काय सांगितलं होतं, आणि गुरुजींनी कोणाची चूक अंगावर घेतली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तू व्हय का थे? मले वाटे कोनी बाप्या मानूस असंन."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तर न पाहता लिवनारा नोता, पोरी. माफी मांगाले आला तवाच म्या इचारलं, तुले कोनी सांगतलं, खरं बोल. तं म्हने, माय, नाव नको इचारू. ज्यानं सांगतलं त्याच्यावर माहा भरोसा हाये अजून." तिने परत म्हटलं, "अजून, म्हने."

मला रडू आवरलं नाही. तिने मला रडू दिलं, समजूत घालायच्या भानगडीत पडली नाही. थोड्या वेळाने आत गेली आणि फडक्यात बांधलेलं पुस्तक घेऊन आली. ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही, पण पान बरोबर सापडलं. 'वस्ती : एक'च्या खाली गुरुजींच्या बारीक अक्षरात ओळी वाढत गेल्या होत्या. ते दरवर्षी येत होते, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं 'एक'च. मग 'पाच. पुतण्या सुरतेहून परत, बायको व दोन मुली.' मग 'सहा', पुढे बाळाचं नाव. शेवटची ओळ गेल्या वर्षीची होती, अक्षर थरथरलेलं.

"औंदा मास्तर नाई आला," गयामाय म्हणाली. "पल्याडल्या आंगाले एक मेंढपायाचं बिऱ्हाड येऊन रायलं. आता अकरा जन हावो आमी. तू लिव."

मी पर्समधून पेन काढला, टोपण उघडलं, पानावर टेकवला. मग टोपण परत लावलं आणि बाजेवरून उठले.

"कुठी चालली व?" तिने विचारलं.

"पाहून येते, माय," मी म्हटलं. "मग लिहिते."