सरांच्या नंबरवर जाणारा कोड

सरांचा मोबाइल नंबर आता परतवाड्याच्या एका जीपवाल्याकडे आहे.
काल फोनवर त्यानेच हे सांगितलं.

सरांना जाऊन आज वर्ष झालं.

अकोल्याच्या कॉलेजातून रिटायर झाल्यावर सर गावोगाव फिरले. बायका शेतात तण निंदताना म्हणतात ती गाणी त्यांनी रेकॉर्ड केली आणि स्वतः वेबसाइट करून त्यावर ठेवली.

त्यात माझी माय आहे. बाळापूरजवळच्या आमच्या झेंडूच्या वावरात बसून गायलेली.
गाणं संपल्यावर ती विचारते, "चाय मांडू का, सर?"

मी म्हटलं होतं, "सर, शेवटचं तेवढं कापा."
"काहून? ते बी तिचंच हाय."

माय गेली. तिचा दुसरा आवाज माझ्याकडे नाही.
डाउनलोड कधी केलंच नाही. साइट आहे ना, म्हणायचो.

गेल्या आठवड्यात साइट उघडेना. मुदत वाढवायची राहिली होती. साइट ठेवणारी कंपनी म्हणते, महिनाअखेर सगळं डिलीट होईल.
सरांचा कॉम्प्युटर त्यांच्या आधीच गेला होता.

लॉगिनसाठी कोड लागतो. तो सरांच्या नंबरवर जातो.
नंबर घरच्यांनी बंद केला होता. सरांची मुलगी वैशाली म्हणाली, "दादा, बाबांचा फोन वाजला की आई दचकायची."

बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, म्हणून काल तो लावून पाहिला. क्षणभर वाटलं, सरच उचलतील.

"कोन पायजे?"
मी सगळं सांगितलं. एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवा.
"मले येडा समजता काय भाऊ? असे कोडवाले रोज फोन करतात. मागच्यानं तं लॉटरी बी लावली होती मले."
"माह्या मायचा आवाज हाय त्यात."
"माय हाय का?"
"नाही."
"मंग फोनवर नोका सांगू. सामने या. तुमचं तोंड पायतो, मंग कोडाचं पाहू."

मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

उद्या सकाळच्या एसटीने परतवाड्याला निघतोय. वैशाली अमरावतीहून येतेय, सरांच्या मृत्यूचा दाखला घेऊन. दुपारी जीप स्टँडवर भेटायचं ठरलंय.
कोड मिळाला तर संध्याकाळपर्यंत साइट सुरू होईल, असं कंपनी म्हणते.

सर, आज तुमची फार आठवण येते. नमस्कार.