प्रोलाँगची सहा वाक्यं

आमच्या संगमेश्वरकडच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. कुणाच्या अंगणात ती किती वेळ नाचेल, याचा नेम नसतो. त्या वर्षी आमच्याकडे सोमवारी येणारी पालखी मंगळवारवर गेली, आणि माझी रजा सोमवारी संपत होती. मी पदवीधर झालो की आमच्या अंगणात पालखी माझ्या खांद्यावर द्यायची, असा बाबांचा नवस होता. घरातला पहिला पदवीधर मीच.

रत्नागिरीच्या ऑफिसात साहेबांना मेसेज टाकला: 'प्लीज प्रोलाँग माय लीव्ह बाय वन डे.' थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. मागे चारपाच जण हसत होते.

"अरे, प्रोलाँग होतं ते दुखणं! रजा एक्स्टेंड करतात. कुठल्या शाळेतून आलास?"

"साहेब, पालखी उद्या येतेय. नवस आहे..."

"उद्या टेबलावर दिसला नाहीस, तर तिकडेच नाच."

बाबा म्हणाले, "जा तू. मी हाय ना." दुखऱ्या गुडघ्याने त्यांनीच पालखी घेतली. मी तेव्हा फाइलींना नंबर घालत होतो.

डिक्शनरी उघडली, तर साहेब बरोबर होते. म्हणून राग कमी झाला नाही. ज्या बाईंनी एका फाटक्या डिक्शनरीवर आम्हाला इंग्रजी शिकवलं, त्यांच्या शाळेवर ते हसले होते.

आता शहरात माझा इंग्रजीचा क्लास आहे. प्रोलाँगसाठी मी मुलांना भाषांतराला सहा वाक्यं देतो. 'साहेबांनी विनाकारण मीटिंग लांबवली.' 'साहेबांनी शिपायाचा अपमान लांबवला.' सहाही वाक्यांत साहेबच.

गेल्या जूनमध्ये रत्नागिरीचे तेच साहेब मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले. मला त्यांनी ओळखलं नाही. मी त्या सहा वाक्यांचा कागद पुढे केला.

"नमुना बघा, कसं शिकवतो ते."

तिसऱ्या वाक्यावर त्यांनी मान वर केली. "यातले साहेब कोण?"

"वाचा ना. अजून तीन आहेत."

ते उभे राहिले. मी दार उघडून धरलं. मुलगी क्लासला आली नाही.

बाबांना हे सांगितलेलं नाही. त्या पोरीनं काय केलंवतं, असं ते विचारतील. पण कागद मी बदललेला नाही.