अठ्ठावीस दिवस पाणी

नांदेडहून आप्पांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दारातल्या नव्या काँक्रीटच्या पायरीला पाणी घालत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. तांब्या हातातच राहिला... आणि खोटं कशाला बोलू, आधी राग आला. पायरी ओतून जेमतेम नऊ दिवस झाले होते. अठ्ठावीस दिवसांचं काम माझ्या गळ्यात घालून हा माणूस मधूनच निघून गेला.

माझे सहकारी विश्वनाथआप्पा लातूरच्या तंत्रनिकेतनात काँक्रीट शिकवून निवृत्त झाले. मग एकच ध्यास: सिमेंटचा थोडा हिस्सा काढून अंड्याच्या टरफलांची भुकटी घालायची. आप्पा लिंगायत, जन्मात अंडं खाल्लेलं नाही; पण रोज संध्याकाळी पिशवी घेऊन ऑम्लेटच्या गाड्यावर हजर. गल्लीनं काढायचा तो अर्थ काढला. टरफलं धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळत. वहिनींनी दुसरा मिक्सर आणला आणि कुलपात ठेवला.

प्रयोगशाळेत ताकद तपासायला ठोकळे फोडून त्यांचं समाधान होईना. माणसं उठतील-बसतील असं काहीतरी बांधायचं होतं. महादेवाच्या देवळापुढचा ओटा ठरलाही होता. देवस्थानच्या अध्यक्षांनी सहज विचारलं, भुकटी कशाची? शहाणा माणूस 'चुनखडीच्या जातीची' म्हणाला असता, आणि ते खोटंही नव्हतं. आप्पांनी टरफलं सांगितली.

"आप्पा, महादेवापुढं अंडं?"

"अंडं न्हाई, टरफल हाय. धुतलेलं."

"लई झालं आता. गप बसा."

ओटा साध्या सिमेंटचा झाला. मी झापलं, तर म्हणाले, "बसणाऱ्याला कळाय नको का, सर?"

शेवटी वैतागून मी माझी पायरी देऊ केली. ती ओतून नांदेडला लेकीकडं जाताना बजावून गेले, "पाणी चुकवू नका. तवर मागल्या दारानं या-जा." आमचं अख्खं घर, दूधवाल्यासकट, मागच्या दारानं ये-जा करू लागलं.

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी आप्पांना 'पर्यावरणाचा दीपस्तंभ' केलं. लातुरात, जिथं समुद्र नाही. भाषण संपेना, आणि माझी पाणी घालायची वेळ टळत होती.

अठ्ठावीस दिवस भरले आणि पुढचं दार उघडलं. परवा अध्यक्ष आले, आप्पांवर लेख मागायला. बूट काढायला पायरीवरच टेकले, हातानं थोपटून म्हणाले, "झकास झाली की. सिमेंट कोणतं?"

'चुनखडी' अगदी जिभेवर आलं होतं... पण टरफलं सांगितली.

अध्यक्षांनी खाली पाहिलं. एक बूट हातात, एक पायात.

"धुतलेली ना?" त्यांनी विचारलं, आणि बसून राहिले.