वलांडीपाशी बसून

समुपदेशक हा शब्द माझ्या वाट्याला फार उशिरा आला. त्याआधी कितीतरी वर्षं लोक मला नुसतं ‘बाई’ म्हणायचे आणि पोराचं बिनसलं, घरात धुसफूस झाली की माझ्याकडे यायचे. हे काम मला पुस्तकाने शिकवलं नाही. अर्नाळ्याच्या एका कोळणीने शिकवलं, तेही मला चांगलं तोंडावर पाडून.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी जवळच्या नंदाखाल गावातल्या बागायतदाराची मुलगी, अर्नाळ्याच्या शाळेत नुकती लागलेली, आणि अंगात रग भरपूर. सातवीतल्या एका मुलीला माझ्यासारखी शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी सातवीची फायनल पास होणं भाग होतं, आणि दिवाळीनंतर ती शाळेत यायचीच बंद झाली.

मी कडक इस्त्रीचं पातळ नेसून तिच्या घरी गेले. वडील ओटीवर जाळं सांधत होते. त्यांना मी अर्धा तास शिक्षणाचं महत्त्व ऐकवलं. ते म्हणाले, “धाडतो, बाई.” मोठा गड जिंकल्याच्या थाटात मी परतले.

आठवडा गेला तरी मुलगी आली नाही. आमच्या घरी वडिलांचा शब्द शेवटचा, म्हणून इथेही तसंच असेल असं मी धरून चालले होते. इथे पुरुष दर्यावर असायचे. मासळी विकायची, घर चालवायचं ते बाईने. त्या बाईशी मी एक अक्षर बोलले नव्हते. माझी मलाच लाज वाटली.

पुन्हा गेले तेव्हा मुलीची आई किनाऱ्यावर वलांडीपाशी, म्हणजे बांबूच्या मांडवापाशी, बोंबील वाळत घालत होती. मी तोंड उघडताच म्हणाली, “बोला बाई, पन हात चालवा.”

पदर खोचून बसले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी आडव्या बांबूवर टाकायची. माझी पहिली जोडी सुटून वाळूत पडली, दुसरीने बोट रक्ताळलं. ती खदखदून हसली. मग मी शाळेचं नावच काढलं नाही, नुसती जोड्या लावत राहिले. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, “मी बाजारान जाते. पोरगी शाळंत गेली त तान्ह्याला कोन बघंल?”

एवढंच होतं! आणि मी त्या घरात शिक्षणाचं महत्त्व सांगत बसले होते.

“तान्ह्यालाही पाठवा,” मी म्हणाले.

वर्गाच्या तुळईला झोळी टांगली. हेडमास्तर कुरकुरले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाळ रडलं की मुलगी एका हाताने झोका द्यायची, दुसऱ्या हाताने गणितं सोडवायची.

परीक्षेच्या सकाळी मी वसईच्या केंद्रावर लवकर पोचले, बाळाला सांभाळायचं कबूल केलं होतं म्हणून. फाटकापाशी तिची आई आधीच बसलेली होती, मांडीवर बाळ घेऊन. बाजूला मासळीची पाटी नव्हती.

“आज बाजार?” मी विचारलं.

“बुडाला,” ती म्हणाली, आणि मला बसायला जागा करून दिली.