कोपऱ्यातला सरू

डहाणूला आमच्या शेजारच्या चिकूच्या वाडीत एक इराणी आंटी राहत. त्यांच्या आजोबांनी इराणातल्या यझ्दहून आणलेल्या गालिच्याचा एक कोपरा कसरीने खाल्ला होता. २०१७च्या हिवाळ्यात नातीचं लग्न ठरलं. तिला बसवायचं ते याच गालिच्यावर, असा आंटींचा हट्ट; पण भोक पडलेल्या गालिच्यावर नाही. लग्नाला बारा दिवस होते. मोतीबिंदूमुळे आंटींना धूसर दिसे, म्हणून गाठ मारायची कशी ते त्यांनी माझ्या बायकोला शिकवलं.

मोजमाप माझ्याकडे. समोरच्या शाबूत कोपऱ्यातली कोयरी मी चौकटींच्या कागदावर उतरवली. बेचाळीस ओळी, ओळीत अठ्ठावीस गाठी, एकूण अकराशे शहात्तर. दोनदा मोजल्या. मग ओटीवर जागा हवी म्हणून गालिचा गुंडाळला आणि खाल्लेला कोपरा तेवढा उघडा ठेवला.

कागद कसा धरायचा, हा प्रश्न तेव्हा पडला.

"कोयरी देठाला लटकते. टोक खालीच येणार," बायको म्हणाली. मलाही ते इतकं उघड वाटलं की मी गालिचा पुन्हा उलगडून पाहिला नाही.

सातव्या दिवशी काम संपलं. आंटींनी कोपरा उन्हात अगदी डोळ्याशी नेला.

"दीकरी, माझं झाड कोणी पाडलं?"

"झाड कुठलं, आंटी? कोयरी आहे ती."

"कोयरी तुझ्या लोणच्यात! हा सरू आहे. वाऱ्याने शेंडा वाकलाय. शेंडा वर पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "आणि तू रे? एवढं मोजलंस ते काय?"

माझे आकडे बरोबर होते, कागद उलटा होता. ते मी कबूल केलं.

तिघांनी मिळून गाठी उसवल्या. उसवताना आंटी सांगत होत्या. त्यांच्या मुलखात चहूकडे वाळू. ऐपत असेल तो भिंत घालून बाग लावी, नसेल तो ती गालिच्यात विणी. किनार म्हणजे ती भिंत, मधले निळे पट्टे म्हणजे पाट. सरू बारमाही हिरवा, म्हणून अग्यारीपाशी लावायचा.

"आणि हे कमळासारखं? वाळूत कमळ?" मी विचारलं.

"चीनच्या मालाबरोबर आलं, असं बाबा सांगायचे. आवडलं, ठेवून घेतलं."

पाच दिवस उरले होते, म्हणजे रोज दोनशे छत्तीस गाठी. मी स्वयंपाक केला. बायको विणत राहिली. शेवटची ओळ लग्नाच्या दिवशी सकाळी पडली. आंटींनी कोपरा पुन्हा डोळ्याशी धरला, बराच वेळ. मग बायकोच्या गालावरून हात फिरवला आणि आतल्यांना हाक मारली, "अंथरा रे!"

नात येऊन बसली ती नेमकी त्याच कोपऱ्यावर. बायकोने माझं मनगट दाबलं.

"सुटणार नाहीत ना हो?"

"अकराशे शहात्तर आहेत," मी म्हणालो, "दोन-चार सुटल्या तरी झाड उभं राहील."