भिंतीची सावली

मे महिन्यातल्या भर दुपारी भिंतीपाशी गेलो आणि जागीच थिजलो. सावलीच नव्हती. डिसेंबरात मी स्वतः टेप लावून मोजलेली, याच वेळची साडेपाच फुटांची सावली आता वीतभरही उरली नव्हती. जळगावच्या उन्हात परदेशी चित्रातल्यासारखी, दाटीवाटीने फुलणारी बाग करायची म्हणून त्या सावलीच्या भरवशावर मी आलेखाच्या कागदावर वाफे आखले होते. बायकोने दुधाच्या पिशव्यांत वाढवलेली तेरड्याची चाळीस रोपं तिथे माना टाकून पडली होती.

"सूर्य वर्षभर एकाच जागी असतो, असं वाटलं का हो तुम्हाला?" ती म्हणाली.

माप बरोबर होतं, पण ते एकाच दिवसाचं होतं. एखाद्या सौम्य दिवशी भेटलेल्या माणसाबद्दलही आपण असाच आयुष्यभराचा अंदाज बांधतो, या विचाराने मी आणखीच हादरलो.

तिने जुनी सुती साडी आणली. "मोजमाप पुरे. हे टोक धरा."

मी धरलं. वाफ्यावर सावली पडली. किती रोपं उठतील, हे मला सांगता येत नव्हतं. हात खाली घ्यायचं मात्र धाडस होईना.